घसा माझा, दम तिचा

सोमवारी सकाळी ऑफिसात कुणाला तरी 'गुड मॉर्निंग' म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घसा पार बसलेला. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "काय, वरातीत नाचून आलात वाटतं?" मी नुसती मान हलवली. खरं कारण सांगायची लाज वाटत होती. आदल्या दिवशी माझ्या बारा वर्षांच्या मुलीची पोहण्याची स्पर्धा होती. शंभर मीटर फ्रीस्टाईल. ती पाण्यात होती जेमतेम ऐंशी सेकंद, आणि त्या ऐंशी सेकंदांत मी गॅलरीत उभा राहून जे काही ओरडलो होतो, त्याची ही वसुली होती.

ती सहावी आली. आठ जणींत.

परतताना गाडीत मी जरा वेळानं विषय काढला. "शेवटच्या पंचवीस मीटरला तू मस्त जोर लावलास. मी ओरडत होतो, ते ऐकू येत होतं ना?"

"पाण्यात कसं ऐकू येणार, बाबा?" ती मागच्या सीटवर चिक्कीचा तुकडा मोडत म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटला की जवळजवळ सगळा परत फिरतो. आत शिरतो तो नाममात्र. त्यात कानांवर ताणलेली रबरी टोपी, स्वतःच्याच हातापायांचा खळखळाट, नाकातून सुटणारे बुडबुडे. श्वासासाठी तोंड बाहेर आलं की निमिषभर काहीतरी गलका कानावर पडतो म्हणे, "गणपतीत लांबच्या गल्लीतला डीजे ऐकू येतो ना, तसा." म्हणजे गॅलरीतले आम्ही साठ-सत्तर आईबाप 'किक मार', 'हात लांब टाक', 'मान उचलू नको' असं जे नरडी ताणून ओरडत होतो, ते एकमेकांनाच ऐकवत होतो. माझ्या शेजारच्या एका आईनं शर्यत मोबाईलवर घेतली होती. नंतर तिनं ती मला दाखवली. चित्र सारखं हलत होतं, मुलगी कुठल्या लेनमध्ये आहे ते कळत नव्हतं, पण आईचा आवाज मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत टिपला गेला होता.

ओरडायची ही खोड आमच्या घराण्यातली आहे, असं म्हणून मला थोडं अंग काढून घेता येईल.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सोसायटीत हिशेब लिहायचे. माणूस असा, की चहा पाहिजे असला तरी आईकडे नुसतं बघायचा. पण कबड्डीच्या मैदानाच्या कडेला उभा राहिला, की त्याच माणसाच्या अंगात यायचं. मी ५५ किलो गटात खेळायचो. चढाई बरी होती माझी, बरी म्हणजे बरीच. गावच्या संघात घेण्याइतकी आणि तालुक्याला न निवडण्याइतकी. जत्रेनंतर रात्रीचे सामने असायचे. माती चाळून, पाणी मारून, चुन्याच्या रेषा आखलेल्या, चार बांबूंवर हॅलोजन बांधलेले, भोवती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावून त्यांत माणसं भरलेली. शाळेच्या भिंतीवर पोरं. लाउडस्पीकरवरच्या निवेदकाला श्वास घ्यायचं भान नसायचं.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात आम्ही दोन गुणांनी मागं होतो आणि शेवटची चढाई माझ्याकडे आली. समोर सहा जण उभे. म्हणजे बोनसचा जादा गुण घ्यायची संधी होती. मी मध्यरेषा ओलांडली आणि सगळ्या ट्रॉल्या उठून उभ्या राहिल्या. "बोनस घे की रं!" "आरं, टाच पुढं काढ!" "मागं सर, मागं सर!" "वेळ काढू नको!" या सगळ्यातून एक आवाज सुरीसारखा आरपार आला, आप्पांचा. "बाळ्या, डावा बघ, डावा!"

मी डावीकडे बघितलं.

कबड्डी माहीत असणाऱ्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल. 'डावा' म्हणजे समोरच्या संघाचा डावा कोपरा. तोंडासमोर उभे असल्यामुळे तो चढाईपटूच्या उजव्या हाताला येतो. हे सहा वर्षं खेळलेल्या मला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. आप्पा शंभर टक्के बरोबर होते. उजवीकडचा तो पोरगा गुडघ्यात वाकून माझ्या पायाचीच वाट बघत होता. पण त्या क्षणी 'डावा' शब्द कानात पडला आणि अंगानं लहानपणापासून जे शिकलं होतं तेच केलं. नजर स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली. पुढच्या क्षणी उजवा घोटा त्या पोराच्या दोन्ही हातांत होता, माझी छाती मातीत होती, आणि दम तुटला होता. आप्पा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "मी सांगत होतो."

याच गोंगाटात आमचा एक चढाईपटू मात्र फुलून यायचा. सरावात तो आळशासारखा पाय ओढत खेळायचा. वस्ताद शिव्या घालायचे. ट्रॉल्या भरल्या, शिट्ट्या सुरू झाल्या, की त्याच्या पायांत स्प्रिंगा बसायच्या. गर्दी तीच, आवाज तोच. त्याला चेव यायचा आणि मला भोवळ. मला तेव्हा वाटायचं, काळजाचा फरक आहे. त्याचं मोठं, माझं चिमणीचं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, नोकरीत स्थिरावल्यावर, या विषयावर जे सापडेल ते वाचायचा नाद लागला आणि चिमणीच्या काळजाला थोडा दिलासा मिळाला. तोही झुरळांकडून.

झालं असं, की १८९८ साली अमेरिकेतल्या इंडियानात नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अभ्यासकाच्या लक्षात आलं की सायकलपटू एकटे घड्याळाविरुद्ध पळतात तेव्हापेक्षा सोबत कुणी असलं की वेगानं पळतात. त्यानं चाळीस मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं गुंडाळायला लावली, कधी एकेकट्यानं, कधी जोडीनं. निम्मी मुलं जोडीत अधिक वेगवान झाली. या गोष्टीत नेहमी एवढंच सांगितलं जातं. पण उरलेल्यांपैकी निम्म्यांवर फारसा परिणाम झाला नाही आणि दहा मुलं चक्क मंदावली. ती दहा मुलं मला फार जवळची वाटतात.

नंतर सहासात दशकं या कोड्याचा गुंता चालला होता: बघे असले की काम सुधारतं की बिघडतं? १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी एक साधं उत्तर मांडलं. कुणी बघत असलं की अंग तापतं, आणि तापलेलं अंग त्याच्या सर्वांत सवयीचं जे असेल ते करतं. काम सोपं किंवा मुरलेलं असेल तर सवयीचं तेच बरोबर असतं, म्हणून ते सुधारतं. काम अवघड किंवा अर्धकच्चं असेल तर सवयीचं ते चुकीचं असतं, म्हणून ते बिघडतं. १९६९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवर करून पाहिलं. एक सरळ नळी, एक वळणाचा चक्रव्यूह. एका टोकाला झगझगीत दिवा, ज्यापासून झुरळाला पळायचंय. आणि बाजूला पारदर्शक खोक्यांत बसवलेली प्रेक्षक झुरळं. होय, त्यांना अक्षरशः गॅलरी बांधून दिली होती. सरळ नळीत प्रेक्षकांसमोर झुरळं जास्त वेगानं पळाली. चक्रव्यूहात त्याच प्रेक्षकांसमोर त्यांना जास्त वेळ लागला.

ती झुरळं काही ओरडत नव्हती. नुसती बसली होती. तरीही!

माणसांवरचा याचा सर्वांत गोड प्रयोग मला वाटतो तो १९८२ सालचा, अमेरिकेतल्या एका कॉलेजात, बिलियर्ड्ससारख्या 'पूल' या खेळाच्या टेबलांवरचा. आधी लांबून गुपचूप बघून चांगले आणि कच्चे खेळाडू हेरले. चांगल्यांचे ७१ टक्के फटके बरोबर जात होते, कच्च्यांचे ३६ टक्के. मग चार जण नुसते टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. चांगले ८० टक्क्यांवर गेले, कच्चे २५ वर घसरले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हुर्यो केली नाही.

म्हणजे त्या रात्री आमच्या मैदानावर काळजाचा प्रश्न नव्हता. त्या दुसऱ्याची चढाई मुरलेली होती, माझी नव्हती. आणि 'डावा' या शब्दाचं मुरलेलं उत्तर माझ्या अंगात एकच होतं, चमचा-वाटीच्या वयापासूनचं.

एकदा आप्पांनी मला कोल्हापूरला खासबागेत कुस्त्या दाखवायला नेलं होतं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं आणि १९१२ सालापासून कुस्त्या बघत आलेलं ते मैदान आत उतरत जाणाऱ्या वाटीसारखं आहे. बसा कुठंही, मधला हौदा दिसतोच. पण माझ्या लक्षात दृश्यापेक्षा आवाज राहिला आहे. हलगीचा. खडाखडी चाललेली असते, दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून गोल फिरताहेत, तेव्हा हलगी सावकाश, जणू वाट बघत वाजते. एकानं पट काढला की ठेका चढतो. दुसऱ्यानं सोडवून घेतलं की पुन्हा उतरतो. हलगीवाला डोळे मल्लांवरून काढत नाही. तो त्यांना पळवत नसतो, त्यांच्यामागून पळत असतो. आणि मल्ल खाली गेला, मानेवर घुटना आला, की हौद्याच्या कडेवरून फक्त एक आवाज येतो, वस्तादाचा. तोही दोन अक्षरांचा. 'ऊठ.' नाहीतर 'धर.' आमच्या गावच्या एका मल्लाला मी विचारलं होतं, एवढ्या गलक्यात ते ऐकू येतं का. तो म्हणाला, "दुसरं कायच ऐकू येत नाही."

वस्तादानं तो 'ऊठ' रोज पहाटे तालमीत हजारदा म्हटलेला असतो. त्या शब्दाला मल्लाच्या अंगात एकच उत्तर असतं आणि ते बरोबर असतं. आप्पांनी मात्र 'डावा' हा शब्द त्या रात्रीपर्यंत मला एकदाही म्हटला नव्हता.

आता नुसत्या ताकदीचं बघू, जिथे डोक्याला काम नाही. १९६१ साली इकाई आणि स्टाइनहाउस या दोघांनी माणसांना हाताच्या कोपरातून दोर ओढायला लावला, पूर्ण ताकदीनं, मिनिटाला एकदा. मधूनच न सांगता पाठीमागं पिस्तुलाचा बार काढायचे. बार ऐकल्यावरच्या ओढीत जोर सरासरी ७ टक्क्यांच्या वर वाढला. आणि ओढताना माणूस स्वतः ओरडला, तर? १२ टक्के. म्हणजे 'पूर्ण ताकद' म्हणून आपण जी लावतो ती पूर्ण नसतेच. शरीर थोडी गाठीला ठेवून असतं आणि आवाज ती गाठ सैल करतो. यात मला गंमत वाटली ती दुसऱ्या आकड्याची. दुसऱ्याच्या बारापेक्षा स्वतःची आरोळी भारी. होडी वाळूवर ओढणाऱ्या कोळ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि कबड्डी तर सगळी उभीच त्यावर आहे. आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे, पण मूळचा हिशेब श्वासाचा: खेळाडू शत्रूच्या अंगणात स्वतःचाच घोष करत शिरतो, आणि पंच वाकून कान लावून तो तुटतोय का बघत असतो. त्या गोंगाटात त्याचा हक्काचा असा तेवढाच एक आवाज.

लांब उडीवाले, तिहेरी उडीवाले धावण्याआधी हात डोक्यावर नेऊन टाळ्या मागतात, तो प्रकारही मला याच जातीचा वाटतो. ती पद्धत अमेरिकेच्या विली बँक्सनं १९८१ साली स्टॉकहोममध्ये पाडली असं मानतात. तिथे स्टेडियम ओरडत असतं खरं, पण ठेका खेळाडूचा असतो. हलगीसारखाच.

दमाच्या कामात बाहेरचा आवाजही चालतो, पण तो सारखा लागतो. ट्रेडमिलवर माणसांना दमेपर्यंत पळवून २००२ साली एक तुलना झाली होती. एका गटाला कुणी काही म्हणायचं नाही, एकाला दर १८० सेकंदांनी प्रोत्साहन, एकाला दर ६० ला, एकाला दर २० ला. तीन मिनिटांनी एकदा 'शाब्बास' म्हणणं आणि गप्प बसणं यांत काही फरक पडला नाही. मिनिटाला एकदा किंवा त्याहून जास्त म्हणणाऱ्यांची माणसं मात्र जास्त टिकली. म्हणूनच प्रयोगशाळांत अशा चाचण्या घेताना काय म्हणायचं, किती वेळा म्हणायचं, हे आधी ठरवून घ्यावं लागतं. नाहीतर मोजलं जातं ते पळणाऱ्याचं फुफ्फुस नाही, ओरडणाऱ्याचा उत्साह.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, करून घ्यायला सांगितली. छातीवर वायरी चिकटवलेल्या, पट्टा चढावर, आणि शेजारी विशी-बाविशीची एक तंत्रज्ञ मुलगी. मी सातव्या मिनिटाला 'बास' म्हणणार, तोच ती म्हणाली, "काका, छान चाललंय, अजून एकच मिनिट." मी ते मिनिट काढलं. ती म्हणाली, "अजून एकच." असं तिनं माझ्याकडून तीन वेळा एकच मिनिट काढून घेतलं. बाहेर आलो तर तीच वाक्यं त्याच सुरात पुढच्या काकांना चालली होती. जरा वाईट वाटलं.

'अजून एकच' ही आपल्याकडची जुनी बोली आहे. गडावर चढताना उतरणारे लोक भेटतात, त्यांना विचारा, किती राहिलं? उत्तर ठरलेलं. "आलंच, पाच मिनिटं." तासाभरानं पुढचा भेटतो. "आलंच, पाच मिनिटं." यानं कुणाला हुरूप आल्याचं मी पाहिलेलं नाही, उलट तिसऱ्यांदा ऐकल्यावर माणूस खाली बसतो.

मुंबईची मॅरेथॉन मी एकदाच पूर्ण धावलो. तिथे पंचविसाव्या किलोमीटरलाच लोक ओरडत होते, "कम ऑन, थोडंच राहिलंय!" सतरा किलोमीटर म्हणजे थोडं? माझ्या घरापासून ऑफिस तेवढं नाही. जानेवारी असला तरी साडेनऊला मुंबईचं ऊन मुंबईचंच असतं. पस्तिशी ओलांडली की परतीचा पेडर रोडचा चढ येतो. एरवी टॅक्सीत बसून गेलो तर तो चढ आहे हेसुद्धा कळत नाही. त्या दिवशी तो पन्हाळ्यासारखा वाटत होता. दोन्ही बाजूंना माणसं, ताटल्यांत मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, कुणी ढोल वाजवतंय. सगळं कौतुकाचं, आणि सगळं मला पाण्याखाली असल्यासारखं ऐकू येत होतं. मी चालायला लागलो. खरं सांगायचं तर थांबायलाच लागलो होतो.

फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्चीत एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. गाऊनवर शाल, पायात मोजे आणि सपाता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"ओ ब्लू शर्ट! रुको मत. वो खंबा दिखता है? वहाँ तक भागो. फिर चलो."

मी खांब बघितला. चाळीस-पन्नास पावलांवर असेल. तिथपर्यंत पळायला काही हरकत नव्हती, म्हणून पळालो. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे चाललो. मग पुढचा खांब दिसला. खांबाखांबानं तो चढ संपला. मागं वळून बघितलं तेव्हा बाई 'ओ यलो कॅप' म्हणून दुसऱ्याला पकडत होत्या.

त्यांचं नाव, गाव काही माहीत नाही. पण आयुष्यात माझ्या कामी आलेलं प्रोत्साहन मोजायला बसलो तर पहिला नंबर त्यांचा. त्या 'तुम्ही करू शकता' म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नाही. माझा शर्ट बघितला, माझी अवस्था बघितली, आणि एक खांब दिला. शिवाय काम सरळ नळीचं होतं. पाय पुढं टाकायचा, एवढंच. तिथे डावं-उजवं काही नव्हतं.

आपल्या माणसांच्या प्रेमाचं ओझं ही वेगळीच भानगड आहे. १९९८ साली बटलर आणि बाउमाइस्टर यांनी दाखवलं, की अवघड काम आपल्याला पाठिंबा देणाऱ्यांसमोर करताना माणसं जपून, हळू करायला लागतात, आणि तरी अचूकता वाढत नाही. वर गंमत अशी, की त्यांना स्वतःला विचारलं तर ती म्हणतात, आपली माणसं होती म्हणून बरं वाटलं. हे वाचताना मला १९ नोव्हेंबर २०२३ ची, क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची अहमदाबादची संध्याकाळ आठवत होती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लावला होता, वडापावची ऑर्डर आधीच दिलेली. मैदानात नव्वद हजारांवर माणसं, जवळपास सगळी निळी. आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स बोलून गेला होता, की एवढी मोठी गर्दी गप्प होताना ऐकण्यासारखं सुख नाही. मग त्यानंच कोहलीचा त्रिफळा उडवला, आणि पडद्यातून जी शांतता आली ती पार्किंगमध्येही पसरली. कुणाच्या तरी हातातला वडा तसाच राहिला. मधल्या षटकांत आपले फलंदाज असे जपून खेळत होते, की जणू बॅटवर त्या नव्वद हजारांनी हात ठेवले होते. खेळपट्टी संथ होती, गोलंदाजी नेमकी होती, संध्याकाळी त्यांच्या ट्रॅव्हिस हेडनं १३७ धावा करून प्रश्नच मिटवला, हे सगळं खरं. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये, हेही खरं. पण आपल्या गर्दीपुढे हरण्याची भीती परक्या गर्दीपुढच्या भीतीपेक्षा मोठी असते, हे मला ट्रॉल्यांच्या मैदानापासून माहीत आहे.

बरं, गर्दी खेळाडूवरच काम करते असंही नाही. फुटबॉलच्या ४० पंचांना इंग्लंडमधल्या एका सामन्याची तीच दृश्यं दाखवली, काहींना आवाजासकट, काहींना मुकी. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. मे २०२० मध्ये जर्मनीत रिकाम्या स्टेडियममध्ये फुटबॉल सुरू झालं, तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा बराच आटला आणि पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली. म्हणजे 'आमच्या पोरांना आम्ही जिंकवलं' म्हणणारे प्रेक्षक अगदीच खोटं बोलत नसतात; फक्त त्यांनी पोरांपेक्षा शिट्टीवाल्याला जास्त पळवलेलं असतं.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. झुरळांची गोष्ट तिला आवडली. झुरळांच्या गॅलरीतही कुणी मोबाईल काढला होता का, असं तिनं विचारलं.

मग मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी गप्प बसू का?"

ती विचारात पडली. "नको," ती म्हणाली. "तू दिसलास तर चालेल. पण तू उजवीकडे उभा राहा. मी श्वास उजवीकडे घेते. मागच्या वेळी तू डावीकडे होतास, मला नुसत्या छत्र्या दिसत होत्या."

"जाताना उजवीकडे की येताना?"

"येताना. जाताना मला काही लागत नाही, जाताना दम असतो. वळल्यावर संपतो."

मी कागदावर तलाव काढला. पन्नास मीटर, एक वळण. जाताना तिची जी उजवी, ती येताना डावी होणार. म्हणजे ती उडी मारायला उभी राहील तेव्हा तिच्या डाव्या हाताला जी बाजू असेल, तिथे मी उभं राहायचं. दोनदा तपासून बघितलं. आप्पांना जे एका शब्दात म्हणायचं होतं त्याला मला चौकोन, बाण आणि दोन रंगांची पेनं लागली. कागद घडी करून पाकिटात ठेवला.

पुढच्या स्पर्धेला गॅलरी सोडून त्या बाजूच्या कठड्याला जाऊन उभा राहिलो. तिथे कुणीच नव्हतं, कारण तिथे ऊन होतं. लाल टी-शर्ट मुद्दाम घातला होता. शिट्टी झाली, उड्या पडल्या, पलीकडची गॅलरी पेटली. मी गप्प. जाताना ती सातव्या नंबरावर होती. मी गप्प. वळली. पंचाहत्तर मीटरला तिचे हात जड पडायला लागले, ते लांबूनही कळतं. कोपर पाण्याबाहेर नीट येत नाही. मी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

तिनं मान वळवली. गॉगलमधून मी दिसलो की नुसता एक लाल ठिपका, कोण जाणे. एक हात वर, आणि तोंड मात्र, किती ठरवलं होतं तरी, आ वासून उघडं, आणि त्यातून आमच्या घराण्याचा तो आवाज निघत होता: "खांब बघ! खांब बघ!" शेजारी टॉवेल घेऊन उभा असलेला मुलगा तलावात खांब कुठे आहे ते शोधायला लागला.